मीठ मागणारा मुलगा

१९४० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा एक लेख छापून आला. लेखक दोघे होते. लॉसन विल्किन्स हे बाल्टिमोरमधले बालरोगतज्ज्ञ. कर्ट रिक्टर डॉक्टर नव्हते. ते उंदरांवर प्रयोग करणारे संशोधक होते आणि त्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या आवारातल्या मनोविकार विभागात त्यांची प्रयोगशाळा होती. दोघांचं जन्मवर्षही एकच, १८९४. लेखाचा विषय होता साडेतीन वर्षांचा एक मुलगा, ज्याला मिठाची विलक्षण ओढ होती आणि जो रुग्णालयात दाखल झाल्यावर सात दिवसांत दगावला.

शरीर स्वतःचा तोल कसा सांभाळतं हे सांगताना पाठ्यपुस्तकं सहसा घामापासून सुरुवात करतात, किंवा रक्तातल्या साखरेपासून. ती उदाहरणं चुकीची नाहीत. फक्त त्यांत सगळं सुरळीत चालतं आणि सुरळीत चालणाऱ्या यंत्रातले दुवे दिसत नाहीत. या मुलाच्या शरीरात दोन दुवे जन्मतःच तुटलेले होते, तिसरा त्याने स्वतः तयार केला होता आणि तो तिसरा दुवा आपण मोठ्यांनी नकळत काढून घेतला. म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात पाहू.

घरची हकिकत

मुलाच्या आई-वडिलांनी लिहून कळवलेली माहिती त्या लेखात आहे, आणि माझ्या मते लेखाचा सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. वर्षाचा असताना हा मुलगा खारी बिस्किटं हातात घ्यायचा, त्यांच्यावरचं मीठ चाटून काढायचा आणि आणखी मागायचा. बोलता येत नव्हतं, पण काय हवंय ते खुणा आणि आवाज करून बरोबर कळवायचा. खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा तो चघळायचा, खार संपला की उरलेला चोथा थुंकून द्यायचा. पोटात अन्न जात नाही या काळजीने आई-वडिलांनी घरात असेल नसेल ते त्याला चाखायला देऊन पाहिलं.

दीड वर्षाचा झाल्यावर एका संध्याकाळी जेवताना मोठ्यांनी ताटात वरून मीठ घेतलं आणि त्यानेही मागितलं. आवडणार नाही, तोंड वाकडं करील, असं समजून त्यांनी चार कण दिले. त्याने ते खाल्ले आणि आणखी मागितले. त्या दिवसापासून मिठाची डबी कुठे असते हे त्याला पक्कं ठाऊक झालं. डबी कपाटात ठेवली की कपाटाकडे बोट दाखवून रडायचा. नुसतं मीठ बोटाने उचलून खायचा. जेवणात वरून मीठ घातलं तर जेवायचा, नाहीतर नाही. नेमक्या याच वयात त्याला पहिले शब्द फुटू लागले होते, आणि त्या पहिल्या काही शब्दांत ‘मीठ’ हा एक शब्द होता.

त्याच्या आवडीच्या पदार्थांची यादी आई-वडिलांनी पुढे करून पाहिली तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं, की यादीतलं सगळंच खारट आहे. बिस्किटं, बटाट्याचे काप, ऑलिव्ह, लोणच्यातल्या काकड्या, खारा मासा.

आपल्याकडे असं मूल असतं तर काय झालं असतं याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. लोणच्याच्या खाराला हात लावला म्हणून पाठीत धपाटा, आणि मग आजीचं ठरलेलं वाक्य, की याला नाही ती खोड लागलीय. त्या मुलाच्या आई-वडिलांनी मात्र रडारडीला कंटाळून का होईना, मीठ देत राहण्याचा मार्ग धरला. कुठल्याही डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय हे उपचार दोनेक वर्षं घरात चालू होते आणि त्याला उपचार म्हणावं हे कुणाला माहीत नव्हतं.

वॉर्डातले सात दिवस

मुलाला रुग्णालयात आणलं ते मिठापायी नव्हे. साडेतीन वर्षांच्या अंगावर तारुण्याची चिन्हं दिसू लागली होती. वयाच्या कितीतरी आधी लैंगिक वाढ सुरू झाली होती, आणि त्याच्या तपासणीसाठी त्याला हॅरिएट लेन होम या जॉन्स हॉपकिन्सच्या बालविभागात भरती केलं. वॉर्डात इतर मुलांना मिळायचं तेच जेवण त्यालाही मिळू लागलं. ते जेवण बेचव किंवा आळणी नव्हतं. चारचौघांसारखं, नेहमीच्या मिठाचं होतं. सातव्या दिवशी मुलगा अचानक गेला.

शवविच्छेदनात अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींमध्ये दोष सापडला. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या दोन ग्रंथी मोठ्या माणसातही एकेकी चार-पाच ग्रॅमच्या असतात. या मुलाच्या ग्रंथी वाढलेल्या होत्या, पण वाढ झाली होती ती पुरुषी संप्रेरकं (हॉर्मोन्स) तयार करणाऱ्या पेशींची. मिठाचा सांभाळ करणारी, ग्रंथीच्या बाहेरच्या थरातल्या पेशींची नेहमीची रचना त्यात हरवली होती. आकाराने मोठी आणि कामाने निकामी, अशी ती ग्रंथी होती.

आता कोडं दोन पदरी होतं. मुलगा वॉर्डातल्या साध्या जेवणावर का मेला? आणि ग्रंथी निकामी असताना ती मोठी कशी झाली? दोन्हींची उत्तरं प्रत्याभरणात आहेत. रोजच्या बोलण्यातला शब्द वापरायचा तर फीडबॅकमध्ये. पण दोन वेगवेगळ्या फीडबॅकमध्ये.

टाकी आणि फ्लोट

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो. पातळी उतरली की फ्लोट खाली येतो, तोटी उघडते आणि पाणी चढू लागतं. पातळी चढली की तोच फ्लोट तोटी बंद करतो. परिणामच कारणाला आवर घालतो, म्हणून याला ऋण प्रत्याभरण म्हणतात. यात ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे, उलट दिशेने ढकलणारं इतकंच. शरीरातली बहुतेक पातळ्यांची राखण याच तत्त्वावर चालते. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली या स्थितीला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं. मराठीत आपण समस्थिती म्हणतो. कॅनन यांनी ‘तेच’ या अर्थाचा ग्रीक उपसर्ग मुद्दाम टाळून ‘तसंच, सारखंसं’ या अर्थाचा घेतला होता, कारण पातळी अचल नसते, एका पट्ट्यात खालीवर होत राहते. रक्तातल्या सोडियमचा पट्टा लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल. इतका अरुंद.

मिठाची टाकी मात्र घरच्या टाकीपेक्षा विचित्र आहे, कारण तिच्या तळाला मुळातच मोठं भोक आहे. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्याबरोबर दीड किलोच्या आसपास मीठ रक्तातून गाळणीपलीकडे जातं. दीड किलो! एवढं मीठ कुठल्याही घरात दिवसाला लागत नाही. त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक मूत्रपिंडं परत शोषून घेतात. यातला बराचसा भाग आपोआप होतो. शेवटच्या साधारण दोन टक्क्यांचा हिशेब मात्र एका संप्रेरकाच्या हाती असतो, त्याचं नाव अल्डोस्टेरॉन. दोन टक्के म्हणजे किरकोळ वाटतं, पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे ३० ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अल्डोस्टेरॉन अजिबात नसेल तर दिवसाला त्याच्या सहापट मीठ लघवीतून वाहून जाऊ शकतं.

या संप्रेरकाचा फ्लोट मूत्रपिंडातच बसवलेला आहे. मूत्रपिंडाकडे येणाऱ्या रक्ताचा दाब उतरला किंवा तिथून वाहणारं मीठ कमी झालं, की तिथल्या पेशी रेनिन सोडतात. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी शोधलेलं हे द्रव्य. रेनिनपासून पायरीपायरीने अँजिओटेन्सिन तयार होतं, ते अधिवृक्क ग्रंथीला जाऊन सांगतं, ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडते, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, मिठामागोमाग पाणी राहतं, दाब पूर्ववत होतो आणि रेनिन थांबतं. वर्तुळ पूर्ण.

आपल्या मुलाच्या शरीरात फ्लोट ठीक होता. रेनिन असणार, बहुधा भरपूर असणार. हाक जात होती, पण ती ऐकून तोटी फिरवणारा हात नव्हता. तळाचं भोक उघडंच. अशा वेळी टाकी रिकामी होऊ नये म्हणून एकच उपाय उरतो, वरून कळशीने पाणी ओतत राहायचं. तो मुलगा दोन वर्षं तेच करत होता. दर जेवणाला एक कळशी.

ही ओढ कुठून येते? तिचा सगळा नकाशा आजही पूर्ण झालेला नाही, पण मुख्य धागा हाती आहे. तेच अँजिओटेन्सिन मेंदूपर्यंत पोचून तहान लावतं आणि मिठाची भूकही लावतं. म्हणजे मूत्रपिंडाने दिलेली हाक दोन दारांवर जाते. एक दार ग्रंथीचं, दुसरं जिभेचं. पहिलं उघडलं नाही तर दुसऱ्यावरची थाप वाढत जाते.

रिक्टर यांचे उंदीर

या मुलाआधी हे सगळं उंदरांत दिसून चुकलं होतं. १९३६ साली रिक्टर यांनी अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांसमोर दोन बाटल्या ठेवल्या, एकीत साधं पाणी आणि दुसरीत तीन टक्के मिठाचं पाणी. ग्रंथी गमावलेले उंदीर एरवी काही दिवसांत मरतात. हे उंदीर खारं पाणी पटापट पिऊ लागले, आणि जगले. रिक्टर यांनी पुढे अशा उंदरांच्या चवीच्या नसा कापल्या, तेव्हा उंदरांना खारं-आळणी हा फरकच कळेना, निवड बिघडली आणि ते मेले. म्हणजे साखळीत जीभही एक खरा दुवा होता.

याच धर्तीवर त्यांनी आणखी बरंच पाहिलं. परावटु (पॅराथायरॉइड) ग्रंथी काढलेले उंदीर कॅल्शियमचं पाणी निवडतात. अवटु (थायरॉइड) ग्रंथी काढलेल्या उंदरांची अंगची ऊब कमी पडते, तर ते कागदाच्या पट्ट्या ओढून नेहमीपेक्षा मोठं घरटं बांधतात. कॅनन यांनी समस्थिती रक्तात आणि नसांत दाखवली होती. रिक्टर यांचं म्हणणं होतं की ती तिथे संपत नाही. घरटं बांधणं, बाटली निवडणं, डबीकडे बोट दाखवून रडणं हे सगळं त्याच यंत्रणेचे बाहेर आलेले हात आहेत. गुरांना मिठाचे खडे चाटायला ठेवणाऱ्या कुठल्याही माणसाला हे पटायला वेळ लागणार नाही. गवतात सोडियम नगण्य असतं, आणि ज्याला ते कमी पडतं ते जनावर मीठ हुडकत जातं.

या गोष्टीतली बोचणारी बाब अशी, की उंदीर आणि मुलगा एकाच आवारात होते. अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्यास मीठ देऊन माणूस सावरतो हे न्यूयॉर्कच्या रॉबर्ट लोब यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलेलं होतं. उपचार ठाऊक होता, दुकानात मिळत होता आणि अतिशय स्वस्त होता. पण तपासणी लैंगिक वाढीची चालली होती, आणि लैंगिक वाढ व मिठाची खोड या दोन गोष्टी एकाच ग्रंथीतून निघतात असं सहज कुणाच्या मनात यावं इतकं तेव्हाचं ज्ञान जुळलेलं नव्हतं. डॉक्टरांना दोष देणं आज फार सोपं आहे. विल्किन्स यांनी हे प्रकरण झाकून न ठेवता स्वतःच्या नावाने छापलं, याची नोंद मला त्याहून महत्त्वाची वाटते.

सात दिवसांत आत काय घडलं असावं

वॉर्डातलं दिवसवार टिपण माझ्यासमोर नाही. पण अधिवृक्क ग्रंथी निकामी असताना मीठ तुटलं की काय होतं तो क्रम चांगला माहीत आहे, आणि तो मुद्दाम सांगतो, कारण शरीरातली सगळी वर्तुळं एकमेकांच्या सुरात चालतात हा समज तिथे मोडतो.

या वयाच्या मुलाच्या अंगात रक्त असतं लिटर-सव्वा लिटर. मीठ लघवीतून जातं, मिठाबरोबर पाणी जातं आणि रक्ताचं आकारमान आटतं. सगळ्यात आधी धावतं ते सेकंदांत काम करणारं वर्तुळ. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीत दाब मोजणारे संवेदक असतात, त्यांना ताण कमी जाणवतो, नाडी वाढते, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात. मूल जरा फिकट दिसतं, पाय गार लागतात, पण दाब बऱ्यापैकी टिकतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, नवीन जागा आहे, कंटाळलंय पोर.

मग दुसरं वर्तुळ, पाण्याचं. एरवी हे वर्तुळ रक्ताच्या दाटपणावर नजर ठेवतं. दाटपणा एक-दोन टक्के वाढला तरी तहान लागते आणि मूत्रपिंडांना पाणी धरायला सांगणारं संप्रेरक सुटतं. पातळ झालं की तेच संप्रेरक थांबतं. या मुलाचं रक्त तर पातळच होत चाललेलं, म्हणजे नियमाप्रमाणे हे वर्तुळ शांत बसायला हवं. पण रक्ताचं आकारमान दहा टक्क्यांच्या आसपास घटलं की दाटपणाचा नियम बाजूला सारला जातो. मेंदू जणू ठरवतो की आधी नळीत काहीतरी असू दे, ते पातळ का असेना. तहान लागते, पाणी धरलं जातं आणि उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ होतं. एका वर्तुळाने दाब वाचवायला केलेली धडपड दुसऱ्या पातळीचं नुकसान करते. यंत्रणा बिघडल्यामुळे हे होत नाही, यंत्रणेने अग्रक्रम निवडल्यामुळे होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात चोरटी. अल्डोस्टेरॉन मीठ धरतं त्याच देवघेवीत पोटॅशियम बाहेर टाकतं. ते नसेल तर पोटॅशियम साठत जातं. याचा पट्टा लिटरमागे साडेतीन ते पाच मिलिमोल, आणि तो ओलांडला की हृदयाच्या ठोक्याची विद्युत्‌ घडी विसकटते. त्यात कॉर्टिसॉल हे ग्रंथीचं दुसरं संप्रेरकही अपुरं असेल, तर रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम नीट पाळत नाहीत आणि उपाशी पोटी साखर उतरते. म्हणजे पहिल्या वर्तुळाची ताकदही ओसरते. अशा मुलांत बरेच दिवस फारसं काही वेगळं दिसत नाही आणि मग काही तासांत सगळं कोसळतं. ‘अचानक’ हा शब्द नातेवाइकांच्या बाजूने खरा असतो. आतमध्ये मात्र आठवडाभर उधारी चालू असते.

ग्रंथी मोठी का झाली

आता दुसरं कोडं. कॉर्टिसॉलचं वर्तुळ मेंदूच्या तळाशी सुरू होतं. हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीला इशारा देतो, पियुषिका एसीटीएच हे संप्रेरक सोडते, त्याने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करते आणि कॉर्टिसॉल वर जाऊन दोघांनाही ‘पुरे’ म्हणतं. कच्चा माल कोलेस्टेरॉल. त्यावर एकामागून एक विकरं (एन्झाइम्स) काम करतात आणि वाटेत फाटे फुटतात, एक फाटा कॉर्टिसॉलकडे, एक अल्डोस्टेरॉनकडे, एक पुरुषी संप्रेरकांकडे.

जन्मतः यातलं एक विकर बिघडलेलं असेल तर काय होईल? आजच्या माहितीच्या आधारे पाहिलं तर या मुलात बहुधा २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं विकर बिघडलेलं होतं, कारण या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांत तेच बिघडलेलं सापडतं. हे विकर पहिल्या दोन्ही फाट्यांवर लागतं, तिसऱ्यावर लागत नाही. कॉर्टिसॉल तयार होत नाही, ‘पुरे’ हा निरोप वर पोचत नाही. पियुषिका आणखी एसीटीएच सोडते. ग्रंथी आणखी राबते, राबून राबून वाढते आणि कच्चा माल ढिगाने तयार करते. मुख्य कालव्याचं दार गंजून बसलं की पाणी शेजारच्या चारीत घुसतं, तसा हा सगळा माल पुरुषी संप्रेरकांच्या फाट्याला लागतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला तारुण्याची चिन्हं दिसतात ती यामुळे.

आणि इतकी पुरुषी संप्रेरकं तयार होऊनही पियुषिका थांबत नाही, कारण तिला मोजता येतं ते फक्त कॉर्टिसॉल. बाकी कशाचाही पूर आला तरी तिच्या लेखी पातळी रिकामीच. फीडबॅकची ही मर्यादा लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याला ‘शरीराचं भलं’ दिसत नाही, त्याला एकच काटा दिसतो.

म्हणजे मुलगा ज्यासाठी भरती झाला ती लैंगिक वाढ आणि ज्याने तो गेला ती मिठाची गळती, एकाच गंजलेल्या दाराच्या दोन बाजू होत्या.

दहा वर्षांनी

विल्किन्स यांनी १९३५ पासून जॉन्स हॉपकिन्समध्ये मुलांच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांचं चिकित्सालय चालवलं होतं. १९५० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या आजारात कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं संप्रेरक, देऊन पाहिलं. कॉर्टिसोन तेव्हा अगदी नवं होतं, आदल्याच वर्षी सांधेदुखीवर त्याचा गाजावाजा झाला होता. कल्पना वरवर उलटी वाटते. ग्रंथी आधीच फुगलेली, संप्रेरकांचा आधीच पूर, आणि उपाय म्हणून आणखी एक संप्रेरक द्यायचं. पण वर्तुळ डोळ्यांसमोर ठेवलं की ती एकमेव शहाणी कल्पना ठरते. पियुषिकेला जो निरोप मिळत नव्हता तो बाहेरून पोचवायचा. रुग्णाच्या लघवीतून पडणारे पुरुषी संप्रेरकांचे अवशेष झपाट्याने घटले. पियुषिका गप्प बसली होती. त्याच सुमारास बॉस्टनमध्येही असाच परिणाम दिसला.

मिठाचा फाटा उलगडायला आणखी तीन वर्षं गेली. अल्डोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं ते १९५३ साली. लंडनमध्ये सिल्विया सिम्पसन आणि जेम्स टेट या दोघांचं त्यात मोठं काम होतं. म्हणजे त्या मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ज्या संप्रेरकाचा अभाव लिहायला हवा होता, त्याला तेव्हा नावच नव्हतं.

एक धोक्याची सूचना इथेच देतो, कारण ही गोष्ट ऐकून बऱ्याच जणांना ‘शरीराला सगळं कळतं’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मिठाची भूक ही उपजत आणि खास तयार झालेली भूक आहे. प्रत्येक कमतरतेला अशी भूक मिळालेली नाही. लोहाची कमतरता असलेली बाई पालक मागत नाही, कित्येकदा माती किंवा भिंतीचा पोपडा खाते, आणि त्याने लोह वाढत नाही. रक्तदाब चढलेल्या माणसाला पापड-लोणचं हवंहवंसं वाटतं त्यात शरीराचं शहाणपण नसतं, सवय असते. अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्यांतही मिठाची ओढ सगळ्यांना जाणवत नाही. ती नसली म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही.

आता असं मूल जन्मलं तर

हा आजार आज जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी म्हणून ओळखला जातो. मुलींमध्ये बाह्य जननेंद्रियांच्या वेगळ्या ठेवणीमुळे जन्मतःच शंका येऊ शकते. मुलगे मात्र अगदी नीट दिसतात, घरी जातात आणि मीठ गळणाऱ्या प्रकारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या करत, सुकून परत येतात. जुलाब-उलट्या समजून सलाइन दिलं की तात्पुरते सावरतातही, कारण सलाइन म्हणजे मीठच. मग सलाइन थांबतं.

म्हणून नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी करतात. कॉर्टिसॉलच्या वाटेवर अडून साठलेलं एक द्रव्य त्यात मोजलं जातं. गोव्यात २००८ साली सरकारी पातळीवर नवजात तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखभर नवजात बाळं तपासली, तेव्हा ५,७६२ बाळांमागे एक असं या आजाराचं प्रमाण निघालं. हे प्रमाण बऱ्याच देशांतल्या आकड्यांपेक्षा जास्त आहे. तरीही महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रसूतिगृहांत ही तपासणी आजही आपोआप होत नाही, आई-बापांना मागावी लागते. मला हे पटत नाही. उपचार असलेला, वेळेत ओळखला तर मूल शाळेत जाईल असा आजार आहे हा.

उपचारात कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, अल्डोस्टेरॉनची जागा घेणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि तान्ह्या बाळाला दुधातून वेगळं मीठ, दिवसाला साधारण एक ते दोन ग्रॅम. दुधातून मीठ म्हटल्यावर घरातली वडीलधारी माणसं हमखास दचकतात. पण बाटली त्या बाळाला धरता येत नाही, डबीकडे बोट दाखवता येत नाही, म्हणून ती कळशी दुसऱ्या कुणीतरी ओतायची असते.

गोळ्या देऊनही वर्तुळ खऱ्या अर्थाने जोडलं जात नाही. निरोगी शरीरात ताप आला, हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली की पियुषिका जोर लावते आणि कॉर्टिसॉल कित्येक पटींनी वाढतं. गोळीला ताप कळत नाही. तो कळावा लागतो आईला. तिला शिकवलेलं असतं की थर्मामीटरचा पारा चढला तर डोस दुप्पट करायचा, आणखी चढला तर तिप्पट, उलटी झाली तर थांबून पुन्हा द्यायचा, पुन्हा उलटी झाली तर इंजेक्शन आणि थेट रुग्णालय. शाळेच्या दप्तरात, वर्गशिक्षिकेच्या ड्रॉवरमध्ये, मामाच्या गावच्या घरी, सगळीकडे या सूचनांचं कार्ड ठेवलेलं असतं. संवेदक, निरोप आणि तोटी, तिन्ही कामं आता घरातल्या माणसांकडे आलेली असतात.

आणि दर तपासणीला, वजन-उंची मोजून झाली, रक्तदाब घेतला, सोडियम-पोटॅशियमचा कागद पाहून झाला, की मुलांच्या ग्रंथींचे डॉक्टर आईला हमखास एक प्रश्न विचारतात. हल्ली मीठ जास्त मागतो का हो?